ट्रेकचा धंदा करायचाय? आधी परतीचं गणित मांडा

आपल्या हॉस्टेलवर दर पावसाळ्यात किमान एक कंपनी स्थापन होते. जुलैचा पहिला जोरदार पाऊस पडला, दोन-चार जण रविवारी कुठल्यातरी किल्ल्यावर भिजून आले, की सोमवारी रात्री मेसमध्ये भागीदारी ठरते. नाव ठरतं, लोगो ठरतो, टी-शर्टचा रंगही ठरतो. "अरे, तीस पोरं, पर हेड आठशे, चोवीस हजार! खर्च किती, फार तर पंधरा!" इतकं गणित झालं की सगळे झोपायला जातात. मग सबमिशन येतं, व्हायवा येते आणि कंपनी पुढच्या जुलैपर्यंत बंद राहते.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. तरुण मुलांना डोंगरात नेऊन सुखरूप परत आणण्याचा छोटा व्यवसाय आपल्या भागात खरंच चालू शकतो, असं माझं मत आहे. मी डोंबिवलीचा. अकरावीपासून एका गिर्यारोहण संस्थेबरोबर फिरतो, गेली तीन वर्षं तिथे सहायक लीडर म्हणून विनामोबदला काम करतो. डिग्री झाल्यावर दोन मित्रांबरोबर हाच व्यवसाय सुरू करायचा विचार आहे, त्यामुळे इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टसाठी विषयही हाच घेतला. त्या अभ्यासातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. मेसमधल्या त्या गणितात एक ओळ राहून जाते. ती ओळ कुठली, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आपला भाग या कामाला का बरा

नकाशा उघडा. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. पहिल्या फाट्यावर आसनगावला उतरलं की माहुली, दुसऱ्यावर नेरळला उतरलं की पेब म्हणजे विकटगड, कर्जतहून पेठचा कोथळीगड आणि खांडसमार्गे भीमाशंकर. रस्त्याने मुरबाडकडे गेलं की गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाट. मलंगगड तर कल्याण-डोंबिवलीच्या खिडकीतून दिसतो. ठाण्याला येऊरचं जंगल आहेच. शनिवारी रात्रीच्या शेवटच्या कसारा किंवा कर्जत लोकलमध्ये सॅक घेतलेली पोरं दिसली नाहीत असा पावसाळ्यातला आठवडा नसतो.

आणि ही वाट आजची नाही. कल्याण हे प्राचीन बंदर. तिथला माल नाणेघाटातून जुन्नरकडे चढायचा. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि बाहेर दगडी रांजण आहे, ज्याला आपण जकातीचा रांजण म्हणतो. म्हणजे या डोंगरांतून माणसं सुखरूप पार होण्यावर दोन हजार वर्षांपूर्वीपासून कुणाचं ना कुणाचं पोट चालत आलं आहे!

संस्थांची परंपराही दांडगी आहे. मुंबईची गिरिविहार १९५४ सालची. मुलुंडचे चक्रम हायकर्स सर्वांना माहीत आहेत, आणि मुलुंडलाच गिरिमित्र संमेलन भरतं. आमच्या डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने किल्ल्यांची माहिती मराठीत गोळा करून सगळ्यांसाठी खुली केली. इंजिनिअर मंडळींना आवडेल असं एक उदाहरणही देतो. वसंत लिमये हे आयआयटी मुंबईतून शिकलेले. १९८८ च्या कांचनगंगा मोहिमेत ते होते. पुढे त्यांनी हाय प्लेसेस ही कंपनी काढली, ताम्हिणीजवळ गरुडमाची उभी केली आणि डोंगरातल्या अनुभवातून प्रशिक्षण देण्याचा व्यवसाय केला. म्हणजे डिग्री घेऊन डोंगरात पोट भरता येतं. फक्त त्यांच्या कंपनीच्या आधी डोंगरात घालवलेली वर्षं होती, हे विसरायचं नाही.

संस्था आणि व्यवसाय यांतला फरक

गेल्या जुलैत आमच्या संस्थेचा भीमाशंकरचा ट्रेक होता, खांडसहून गणेश घाटाने. अठरा जण होते. गावापुढच्या ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर आणि रंग गढूळ. लीडर पाच मिनिटं काठावर उभा राहिला, पाण्याकडे पाहिलं, वरच्या ढगांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, मागे फिरा." दोन पोरं कुरकुरली. "एवढ्या लांब आलो, पैसे भरले..." लीडर काही बोलला नाही. सगळे गावात परतलो, पिठलं-भाकरी खाल्ली आणि दुपारच्या गाडीने घरी. संपलं.

मी नंतर विचार केला की त्याला ते इतकं सोपं का गेलं? एक कारण अनुभव, हे उघड आहे. दुसरं कारण असं, की त्याच्या खिशाला काहीच लागत नव्हतं. संस्थेचा ट्रेक म्हणजे काँट्रिब्युशन. जेवढा खर्च तेवढी वर्गणी. तो माथ्यावर गेला काय आणि ओढ्यावरून परतला काय, हिशेब सारखाच.

आता तोच लीडर व्यवसाय करतोय असं समजा. बसचे पैसे दिलेत, मुलांकडून फी घेतली आहे, परत फिरलं तर निम्म्या जणांना पैसे परत हवेत आणि उरलेले मित्रांना सांगणार की "काही दम नाही त्यांच्यात". त्याच पाण्याकडे तो आता पाहतो तेव्हा पाणी त्याला थोडं कमी दिसायला लागतं! माणूस तोच, अनुभव तोच. फक्त हिशेब बदललाय.

माझ्या मते या व्यवसायाचा सगळा धोका इथे आहे. आपण गिऱ्हाइकाला डोंगर विकत नाही, डोंगर तर फुकट आहे. आपण विकतो आपली निर्णय घेण्याची क्षमता, आणि त्यात सगळ्यात महाग निर्णय परत फिरण्याचा. तो निर्णय परवडेल अशी फी आधीच ठरवली नसेल, तर ओढ्याच्या काठावर कितीही शहाणपण असून उपयोग नाही. गणितातली राहून गेलेली ओळ ती हीच.

आता आकडे

गोरखगडचा एक दिवसाचा ट्रेक घेऊ. कल्याणहून मुरबाड, म्हसा, देहरी. देहरीतून चढण, मधे जंगल, वर कातळात कोरलेली गुहा आणि शेवटी कातळातल्या खोदीव पायऱ्या. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही स्वतः चौकशी करून तुमचे घाला, पद्धत तीच राहील.

मुलं २०. मुख्य लीडर १, सहायक २, देहरीचा स्थानिक वाटाड्या १.

पक्का खर्च, म्हणजे मुलं किती आली तरी होणारा:
२५ सीटची मिनीबस : ९,००० रुपये
मुख्य लीडरचं मानधन : १,५००
दोन सहायक : २,०००
वाटाड्या : १,०००
या चौघांचं नाश्ता-जेवण : ८००
दोर, प्रथमोपचार पेटी यांची झीज : ५००
जाहिरात, फोन, छपाई : ८००
एकूण : १५,६००

दर मुलामागचा खर्च: नाश्ता-जेवण २०० आणि अपघात विमा ३०, मिळून २३०.

आता ब्रेक-इव्हन काढा. आपण सगळ्यांनी हे परीक्षेत केलंय. फी ९०० ठेवली तर दर मुलामागे ६७० उरतात. १५,६०० भागिले ६७० म्हणजे २४ मुलं. आपल्याकडे जागाच २० आहेत! म्हणजे बस भरूनही तोटा. फी १,१०० केली तर ८७० उरतात, १८ मुलांना खर्च निघतो आणि वीस मुलं आली तर १,८०० रुपये शिल्लक. इथे बहुतेक जण खूश होऊन थांबतात.

थांबू नका. पावसाळ्यात दहा ट्रेक ठरवले तर त्यातले दोन रद्द करावे लागतील किंवा अर्ध्यावरून परतावं लागेल आणि फी परत द्यावी लागेल, असं धरू. आदल्या रात्री ट्रेक रद्द झाला तर बसवाला निम्मे ठेवून घेतो : ४,५००. लीडर आणि सहायकांचं मानधन द्यायचंच, कारण त्यांनी रविवार राखून ठेवला होता : ३,५००. वाटाड्याचे १,०००. गावात जेवणासाठी आणलेला माल १,०००. झाले १०,०००. असे दोन म्हणजे २०,०००. हे पैसे उरलेल्या आठ ट्रेकमधून यायला हवेत, म्हणजे दर ट्रेकमागे २,५०० आणि दर मुलामागे १२५ रुपये.

मी याला परतीचा निधी म्हणतो. आता १,१०० फीचा ट्रेक पुन्हा पाहा. शिल्लक होती १,८००, निधी हवा २,५००. म्हणजे दर ट्रेकला ७०० रुपये तोटा! जो धंदा फायद्यात दिसत होता तो फक्त एकाच अटीवर फायद्यात होता, की लीडरने कधीही परत फिरू नये. ही अट कुणी कागदावर लिहीत नाही, पण हिशेबात ती असते.

फी १,३०० केली तर? दर मुलामागे १,०७० उरतात. नुसता खर्च १५ मुलांत निघतो, निधी धरून १७ मुलांत. वीस मुलं आली तर निधी बाजूला काढून ३,३०० रुपये उरतात. आठ ट्रेकचे २६,४००. चार महिन्यांच्या हंगामात, तीन भागीदारांत! मुख्य लीडरचं मानधन आपल्यापैकी कुणाला मिळालं तर तेवढं वेगळं. म्हणजे पहिल्या वर्षी हा जोडधंदा आहे, नोकरीला पर्याय नाही. हे घरच्यांना आधी सांगा आणि स्वतःलाही.

मग आठशे रुपयांत नेणारे कसे नेतात?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गणितातच उत्तर आहे. चाळीस मुलं घ्या आणि ४९ सीटची बस १५,००० ला. फी ८००, दर मुलामागे उरले ५७०, चाळीस जणांचे २२,८००. पक्का खर्च आता २१,६००. शिल्लक १,२००. म्हणजे जमतं! पण हे जमतं चाळीस मुलांमागे तीनच लीडर ठेवून. वीस मुलांमागे तीन हे आपलं प्रमाण पाळायचं तर सहा लीडर हवेत, आणखी तिघांचा खर्च ३,६००, आणि लगेच २,४०० चा तोटा. स्वस्ताई बसमधून येत नाही. ती लीडरच्या संख्येतून येते. आणि परतीचा निधी तर त्यात नावालाही नाही. पालकांना हे दोन वाक्यांत समजावता आलं तर १,३०० फीचं कारण त्यांना पटतं, असा माझा अनुभव आहे. चाळीस मुलांची रांग निसरड्या पायऱ्यांवर असताना शेवटच्या मुलाचा आवाज पहिल्या लीडरला ऐकू जात नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं.

दोन घटना, ज्या विसरता येत नाहीत

पहिली आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांची. ८ जून २०१४ ला हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची सहल हिमाचलात मंडी जिल्ह्यात बियास नदीकाठी थांबली. मुलं फोटो काढायला पात्रातल्या दगडांवर उतरली. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. नदी त्या क्षणी शांत दिसत होती. सह्याद्रीतल्या ओढ्यांना वर धरण लागत नाही, माथ्यावरचा तासाभराचा पाऊस पुरतो. खाली ऊन असतं आणि पाणी येतं.

दुसरी इंग्लंडची. २२ मार्च १९९३ ला लाइम बे या उपसागरात एका साहस केंद्राने शाळेच्या मुलांना कयाक घेऊन समुद्रात नेलं. वारा वाढला, गट विखुरला, मदत बोलवायला उशीर झाला आणि चार मुलं गेली. चौकशीत बाहेर आलं की केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आधीच नोकरी सोडली होती आणि इथली सुरक्षा व्यवस्था सुधारा, नाहीतर अपघात होईल, असं व्यवस्थापनाला पत्राने कळवलं होतं. १९९४ मध्ये कंपनी आणि तिचा संचालक दोघेही दोषी ठरले, संचालक तुरुंगात गेला. १९९५ मध्ये ब्रिटनने तरुण मुलांना साहसी उपक्रमांना नेणाऱ्या केंद्रांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

त्या पत्राबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. लहान कंपनीत मालक, लीडर आणि जाहिरात करणारा बहुधा एकच माणूस असतो. मग पत्र कोण लिहिणार? म्हणून तिघा भागीदारांत आम्ही एक नियम ठरवलाय. ट्रेक रद्द करायला तिघांपैकी कुणाही एकाचं मत पुरे. चालू ठेवायला तिघांचंही हवं. मतदान नाही, चर्चा नाही.

कायदा आणि कागद

कागदपत्रांचा कंटाळा करू नका, बहुतेक कामं सोपी आहेत.

महाराष्ट्र शासनाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी साहसी पर्यटन उपक्रमांचं धोरण जाहीर केलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतले साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, शिकलेले प्रशिक्षक ठेवायचे आणि सुरक्षेच्या सूचना पाळायच्या, असा त्याचा गाभा. त्याआधी २०१४ आणि २०१८ मध्येही शासन निर्णय निघाले होते आणि त्यातल्या अटींवर गिर्यारोहण संस्थांनी आक्षेप घेतले होते. आपण व्यवसाय करणार, तर नोंदणी करूनच करायचा. मूळ धोरण एकदा स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

व्यवसाय म्हणून : कामगार मोजकेच असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी २०२० पासून आहे आणि ती विनाशुल्क होते. सेवा व्यवसायाला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आपल्या वरच्या हिशेबात ती वेळ यायला बराच अवकाश आहे!

जागा म्हणून : माहुली तानसा अभयारण्यात येतो, येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. तिथे वनविभागाचे नियम, शुल्क आणि वेळा पाळाव्या लागतात. रात्रीचा मुक्काम परवानगीशिवाय नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांच्या जागी मनाई आदेश काढतात, तो आदेश आदल्या आठवड्यात तपासायचा.

माणसं म्हणून : अठरा वर्षांखालचा मुलगा किंवा मुलगी करार करू शकत नाही, त्यामुळे सही पालकांची. गटात मुली असतील तर एक लीडर स्त्री असलीच पाहिजे, हा माझा आग्रह आहे. आणि "मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे" या छापील कागदावर फार विसंबू नका. तो कागद तुमचा निष्काळजीपणा धुऊन काढत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधीच्या कायद्यात ती दोन वर्षांपर्यंत होती.

वेळेचं गणित

१८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम दिला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. माहुलीला लावून पाहा. चढाई सुमारे सातशे मीटर, म्हणजे ७० मिनिटं. एका बाजूचं अंतर चार किलोमीटर धरलं तर ४८ मिनिटं. मिळून दोन तास. पण हे सराव असलेल्या माणसाचं. नवखी मुलं, ओली वाट, फोटो, शेवाळ, सॅकमधून बिस्किटं काढणं... दीडपट ते दुप्पट धरा. तीन ते चार तास चढायला. उतरायला तेवढाच वेळ ठेवा, कारण घसरणं आणि गुडघे दुखणं उतरतानाच होतं.

यावरून परतीची वेळ आधी काढायची. सहा वाजता सगळे खाली हवेत, उतरायला साडेतीन तास, म्हणजे अडीच वाजता जिथे असू तिथून मागे. माथा दहा मिनिटांवर असला तरी! ही वेळ बसमध्येच मुलांना सांगून टाका. आधी सांगितलेला नियम मुलं मानतात, वर गेल्यावर सांगितलेला त्यांना अन्याय वाटतो.

सामान, शिक्षण आणि गाव

आपण इंजिनिअर आहोत, तर फॅक्टर ऑफ सेफ्टी कागदावरच ठेवू नका. दोर कधी घेतला, किती वापरला, कुठे घासला याची वही ठेवा. कॅरॅबिनरवर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला असतो, तो वाचा. चावीच्या जुडग्याचा कॅरॅबिनर आणि गिर्यारोहणाचा कॅरॅबिनर दिसायला भाऊ, कामाला परके. पण दोर हाताशी आहे म्हणून धबधब्यावरून रॅपलिंग पहिल्या वर्षी मुळीच नको. ते वेगळं शास्त्र आहे आणि त्याला वेगळी माणसं लागतात.

शिक्षणाचं म्हणाल तर उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतला बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स तिघांपैकी निदान दोघांनी करावा. सुमारे महिनाभर जातो, सेमिस्टर संपल्यावर जमवता येतं. त्याहून आधी प्रथमोपचाराचा कोर्स, तो तिघांनीही. घोणस आणि फुरसं आपल्या डोंगरात आहेत. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव स्थिर ठेवून शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठायचा. गोरखगडच्या बाजूला मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, माहुलीच्या बाजूला शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय. १०८ ची रुग्णवाहिका आणि ११२ हे क्रमांक पोरांनाही पाठ हवेत. कड्याजवळ आग्या मोहोळ असतं, तिथे धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे बचाव गट स्वतःचं कामधाम सोडून मदतीला येतात. त्यांच्या भरवशावर ट्रेक आखणं मात्र निर्लज्जपणा आहे.

आणि गाव. देहरी, खांडस, पेठ या गावांतल्या माणसांना ओढा कधी फुगतो, कुठली दरड सैल आहे हे कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कळतं. वाटाड्याला मानधन रोख आणि जागेवर द्या, घासाघीस करू नका, आणि तो "आज नको" म्हणाला तर ऐका. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. कित्येक ट्रेकर त्या वाडीत थांबून चहा प्यायले होते, जेवले होते. डोंगर आपल्यासाठी रविवार असतो, त्यांच्यासाठी घर. त्यांच्या गावातून जाताना स्पीकर बंद ठेवायचा आणि कचरा परत आणायचा, एवढं तरी आपण करू शकतो.

सुरुवात कशी करावी

माझा सल्ला असा. पहिलं वर्ष एखाद्या चांगल्या संस्थेबरोबर फुकट काम करा, सामान उचला, शेवटी चाला. शेवटी चालणाऱ्यालाच कळतं की माणूस दमतो म्हणजे नेमका कसा दमतो. दुसऱ्या वर्षी फक्त दोन वाटा निवडा. पंधरा किल्ल्यांची यादी छापू नका. त्या दोन वाटा उन्हाळ्यात, पावसात, धुक्यात, एकदा अंधार पडल्यावर उतरून, अशा प्रत्येकी निदान पाच-सहा वेळा स्वतः करा आणि प्रत्येक वेळी वहीत वेळा लिहा. कुठल्या वळणावर मोबाइलची रेंज जाते, कुठून सुटकेची वाट निघते, स्ट्रेचर कुठपर्यंत खाली आणता येईल, सगळं लिहा. मग विमा, नोंदणी, आणि परतीच्या निधीचं वेगळं बँक खातं. ते पैसे टी-शर्टला वापरायचे नाहीत!

जाहिरातीत पहिलीच ओळ ही टाका : "हवामानामुळे ट्रेक रद्द झाला किंवा अर्ध्यावरून परतलो तर फी परत मिळेल." पहिल्यांदा वाचताना धंदा बुडवायची ओळ वाटते. पण पैसे तर आपण आधीच बाजूला ठेवले आहेत. आणि ओढ्याच्या काठावर "पैसे भरले" म्हणणाऱ्याचं तोंड या एका ओळीने बंद होतं.

आम्हा तिघांचं ठरलंय. कॅम्पसमधून मिळेल ती नोकरी घ्यायची, कारण घरी कर्जाचे हप्ते आहेत आणि २६,४०० रुपयांत तीन घरं चालत नाहीत. जोडीला गोरखगड आणि पेब या दोनच वाटा, हंगामात दहा ट्रेक, वीसच्या वर एकही मूल नाही. तीन हंगामांनंतर हिशेब पुन्हा मांडायचा आणि मग पुढचं पाहायचं. आकडे जमले नाहीत तर व्यवसाय बंद करून पुन्हा संस्थेत फुकट सामान उचलायला जाऊ, त्यातही मजा आहे.

तुमच्यापैकी कुणाचा असा विचार असेल तर आधी वरचं कोष्टक स्वतःच्या आकड्यांनी भरून आणा, मग मेसमध्ये बसू. लोगो शेवटी काढू.